सेजलच्या नंबरवरून

पेडणे,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू मयेला सुखरूप पोचलीस आणि भावाकडे बरी आहेस, एवढं टेम्पोवाल्या दादूकडून कळलं. तुझा फोन बंदच लागतो. दादा वास्कोहून ड्युटी सुटल्यावर रोज लावून बघतो आणि मग मला विचारतो, तुला लागला का. म्हणून हे पत्र. वर्गात दरवर्षी मुलांकडून 'मामास पत्र' लिहून घेते, पण स्वतः शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही. दादू भाजीचा टेम्पो घेऊन डिचोलीच्या बाजारात जातो, तिथून वाट वाकडी करून तुला आणून देईन म्हणाला. वाचणार नाहीस ना, असं बजावलं तर म्हणतो कसा, "बाये, हांव भाजयेचीं बिलां सुद्दां वाचिना."

घरी सगळं ठीक आहे. बाबा ठीक आहेत. सकाळी पोदेर पाव घेऊन येतो, एक उंडा घेतात, अर्धा खातात, अर्धा मेजावर तसाच ठेवतात. तिंट्यावरच्या गप्पांना जात नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात. कालपर्यंत उजवा दुखत होता, आज डाव्याला तेल लावून बसले होते.

स्वयंपाक माझ्याकडे आलाय, म्हणजे घराचे काय हाल असतील ते तू ओळख. माझ्या हातचं माशांचं हुमण तुझ्या सेजलने दोन दिवस गुमान खाल्लं, तिसऱ्या दिवशी न विचारता नारळ खवायला बसली. आता तीच करते. तुझ्यासारखं चिंच शेवटी घालते. आठवीतली पोर शाळेतून येऊन चुलीपुढे उभी राहते हे काही मला बघवत नाही, पण तिला सांगितलं की ती ऐकून घेते आणि पुन्हा तेच करते.

तिच्याविषयीच लिहायचं होतं. वहिनी, राग सोड. जे झालं ते वाईट झालं, त्यात दुमत नाही. आपण बायकाच जिथे गातो-नाचतो त्या धालोच्या मांडावरचा व्हिडिओ बाहेर गेला, गावभर झाला, बाबांपर्यंत पोचला, आणि तू पिशवी भरून माहेरी गेलीस. मला तुझी बाजू कळत नाही असं नाही. पण सेजल लहान आहे. या वयात मुलांच्या हातून होतं. तू ओसरीवर तिला विचारलंस, "हें तुवें ग्रूपार घातलें?" आणि ती "हय" म्हणाली, तेवढंच धरून बसू नकोस. जाताना तू तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस. ती फाटकापर्यंत तुझी पिशवी घेऊन आली आणि तू तिच्या हातातून पिशवी काढून घेतलीस, ते मी बघितलं.

शाळेत आता मोबाइल बंद. आठवी 'ब'चा ग्रूप हेडमास्तरांनी बंद करायला लावला. पालक म्हणाले, पोरांच्या हातात मोबाइल दिला की हेच होणार, मास्तरांनीच नाद लावला तर आम्ही कुणाला सांगायचं. माझा सगळा उपक्रम कोलमडला. तुला ती तारा आठवते का, बेळगावकडच्या गवंड्याची मुलगी, मराठी वाचायला उभी केली की जी पहिल्याच ओळीत अडखळायची? घरी कानडी, बाहेर कोंकणी, पुस्तकात मराठी, बिचारीने करायचं काय. तिला मी सांगितलं, संध्याकाळी बाबा कामावरून आले की त्यांच्या मोबाइलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड कर, ऐक, चुकलं तिथे पुन्हा कर, आणि बरं वाटलं तेच मला पाठव. दिवाळीपासून करत होती. नाताळच्या सुट्टीनंतर वर्गात तिने धडा न अडखळता वाचला आणि मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. आता तेही बंद. शुक्रवारी पणजीला माझं सादरीकरण आहे, 'मोबाइल: शिकण्याचे साधन' असा विषय. हेडमास्तर म्हणाले, जा, पण धालोचं नाव काढू नका.

पद्मावती काकींनी देवळात सगळ्या बायकांना बोलावलं होतं. मांड त्यांच्या घरापुढचा, तेव्हा शब्द त्यांचाच. सेजलने पुढच्या वर्षीपासून मांडावर पाय ठेवायचा नाही असं ठरलं. मीही होते तिथे. बोलून काही होण्यासारखं नव्हतं.

असो. मुलांना आपणच पदरात घ्यायचं असतं. तू शहाणी आहेस, जास्त काय लिहू. लौकर ये. बाबा बोलत नाहीत, पण तुझी वाट बघतात असं मला वाटतं.

तुझी,
गौरवी


पेडणे,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

नमस्कार. दादूने निरोप दिला, "पत्र मेळ्ळें म्हणून सांग." एवढाच. मी त्याला तीनदा विचारलं की चेहरा कसा होता, तर म्हणाला, चेहरा चेहऱ्यासारखा होता. या माणसाला कोण शिकवणार.

मागचं पत्र मी पाठवलं खरं, पण टेम्पो वळणावरून गेला तेव्हाच वाटलं की धावत जाऊन परत घ्यावं. कसलं शहाणपण शिकवलं मी तुला त्यात. मुलांना पदरात घ्या म्हणे.

शुक्रवारी पणजीला जाऊन आले. मोठं सभागृह, माइक, पाण्याच्या बाटल्या. मी ताराचं पहिलं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि मग शेवटचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मुलांनी घरी जाऊन गोळा केलेले शब्द दाखवले, आजोबांनी सांगितलेल्या भाताच्या जाती, आज्यांनी सांगितलेली लोणची. सगळं मोबाइलवर. एका गृहस्थांनी उठून सांगितलं की गोव्यातल्या प्रत्येक शाळेने हे करावं. मी तरंगतच होते म्हण ना. तेवढ्यात काणकोणकडच्या एक बाई उठल्या, साध्याच, माझ्यापेक्षा मोठ्या. त्यांनी विचारलं, "मुलं घरात, शेजारात रेकॉर्डिंग करतात तेव्हा ज्यांचं करतात त्यांना आधी विचारतात का? तुम्ही काय सांगून ठेवलंय मुलांना?"

आणि मी माइकवर म्हणाले, "अर्थात. परवानगीशिवाय काही करायचं नाही, हा आमचा पहिला नियम."

खाली आले, कुणीतरी चहा दिला, तो टेबलावर तसाच ठेवून निघाले. म्हापशापर्यंत बसमध्ये जनेलाच्या काचेला डोकं टेकून बसले होते. घरी आले तर सेजलने माझ्यासाठी जेवण झाकून ठेवलेलं.

वहिनी, मांडावर मोबाइल न्यायला सेजलला मी सांगितलं होतं.

हे वाक्य लिहायला मला मागच्या आख्ख्या पत्रात जमलं नाही. तिच्या डोक्यात ते नव्हतंच. धालोच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, बाकीच्या मुलांनी लोणची आणि भात आणलंय, तुझ्याकडे तर धालो आहे, दुसऱ्या कुणाकडे हे नाही. ती म्हणाली, "आते, थंय मोबाइल व्हरूंक जायना." चप्पल आणि मोबाइल दोन्ही पद्मावती काकींच्या पायरीवर ठेवून मग मांडावर जायचं, हे तिला कळत होतं. न कळायला मीही काही परकी नाही. याच वाड्यात वाढले. लहानपणी दादा एकदा कुंपणाआडून धालो बघत होता तर आईने त्याला बकोट धरून घरी आणलं होतं. मांडावर बाई काय बोलते ते पुरुषाच्या कानावर जायचं नाही, म्हणून तर बाई तिथे बोलते. हे मी वर्गात शिकवतेसुद्धा. मी सेजलला म्हटलं, अगं, हे शिक्षणासाठी आहे, देवीला काय राग यायचाय. फुलांच्या परडीत ठेव, वर शेवंती घाल. नुसती गाणी येऊ देत.

तिने ऐकलं. मी तिची आते, आणि वर तिची बाई. पोरीने कुठे जायचं नाही म्हणायला?

तुला खरं सांगते, तुझं सोंग येणार आहे हे मला माहीत नव्हतं. ऊन उतरलं, बायकांच्या दोन्ही ओळी गाऊन दमल्या, धरतरीला नमस्कार झाला, आणि एकेक सोंगं यायला लागली. कुणी पोस्टमन, कुणी डॉक्टर. मग तू आलीस. बाबांचं धोतर, बाबांचा चष्मा, बाबांची छत्री काखेत. चालताना तो कललेला डावा खांदा. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. गॅसचं सिलिंडर हलवून बघणं, डब्यातल्या साखरेवर बोटाने रेघ मारून ठेवणं, "हें कोणें सोंपयलें?" घरात तू वर मान करून बोलत नाहीस, आणि तिथे बाबांचा आवाज तुझ्या तोंडातून बाहेर पडत होता. मग रुक्मिणी वहिनीने विचारलं, मांडावर सोंगाला विचारतात तसंच, "गोकुळदासबाब, सुनेक कुळारा कित्याक धाडिनात?" सुनेला माहेरी का पाठवत नाही.

आणि तू म्हणालीस, "तिची आवय दुयेंत आसा? जातली बरी. आदीं काजूंचो हंगाम जांव दी." तिची आई आजारी आहे? होईल बरी, आधी काजूंचा हंगाम होऊ दे.

पहिल्यांदा सगळ्या हसल्या, कारण अगदी बाबाच. मग एकेक जण गप्प झाली. तुझी आई त्याच हंगामात गेली हे मांडावर कुणाला माहीत नव्हतं? तू चष्मा काढलास, धोतराला पुसलास आणि ओळीत जाऊन उभी राहिलीस. रुक्मिणी वहिनीने तुझ्या कमरेत हात घातला आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

ते मांडावर राहायचं होतं. तिथेच संपायचं होतं. ते बाहेर नेलं ते माझ्यामुळे. तिंट्यावर पोरं बाबांना बघून "हंगाम जालो मरे?", झाला का हंगाम, म्हणून चिडवतात, त्याचं मूळ माझ्यापाशी आहे. सेजलवर राग धरू नकोस. धरायचा तर माझ्यावर धर.

तुझी,
गौरवी


पेडणे,
१६ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. दादूने ती गवारीच्या जुडीत खोचून आणली होती. तू लिहिलंस, "रेकॉर्ड करायला तू सांगितलंस ते समजलं. पण ग्रूपवर टाकायला तिला कोणी सांगितलं? सगळ्यांचे बापूय त्या ग्रूपवर आहेत हे तिला माहीत होतं. आई काय बोलते ते तिला कळत होतं. ती माझी मुलगी आहे, मला एवढंच कळत नाही की तिने का टाकलं."

मी ती चिठ्ठी वाचली आणि ब्लाउजमध्ये ठेवून वर्गावर गेले. दिवसभर व्याकरण शिकवलं. तुला हसू येईल, पण मला त्या दिवशी व्याकरणाचा फार आधार वाटला.

तिने टाकलं नाही. मी टाकलं.

आता सगळं एकदम लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा शेपूट घालीन. मांड संपला त्या रात्री सेजलने ती क्लिप मला पाठवली, फक्त मला. मी ती पूर्ण बघितली, शेवटपर्यंत, काजूंच्या हंगामापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस पुसत आली आणि म्हणाली, "आते, हें ग्रूपार घालूं नाका हां. आई आसा तातूंत." त्यात आई आहे. मी म्हटलं, नाही गं. मग ती वेणी घालायला आत गेली. तिचा मोबाइल मेजावर चार्जिंगला होता.

मला पणजीसाठी स्क्रीनशॉट हवा होता. विद्यार्थी आपणहून ग्रूपवर साहित्य टाकतात, असं दाखवायचं होतं. माझ्या नंबरवरून टाकलं असतं तर ते शिक्षिकेने केल्यासारखं दिसलं असतं. बाकीच्या मुलांचे शब्द नि वाक्यं होती, पण धालो एकीलाच मिळालं होतं, आणि ते सादरीकरणातल्या शेवटच्या फोटोत मला सेजलच्या नावाने हवं होतं. मी तिचा मोबाइल उचलला. घरात सगळ्यांना ठाऊक आहे की ती लॉकला आजीच्या जन्मवर्षाचा नंबर ठेवते. क्लिप आठवी 'ब'च्या ग्रूपवर टाकली, खाली तिच्या वतीने लिहिलं, 'आमच्या वाड्यावरचे धालो', स्क्रीनशॉट काढला, स्वतःला पाठवला. मला वाटलं, स्क्रीनशॉट झाला की लगेच काढून टाकू. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं, मी धावले, आणि शाळेची वेळ झाली.

तो ग्रूप मुलांचा, असं मी दोन वर्षं म्हणत आलेय. आठवीतल्या किती मुलांचे स्वतःचे मोबाइल आहेत? ग्रूपवरचे नंबर सगळे बापांचे. संध्याकाळी मुलं त्यांच्या हातून मोबाइल घेऊन अभ्यास करतात. सकाळी ते मोबाइल बापांच्या खिशात असतात. हे मला माहीत नव्हतं असं म्हणू? ताराच्या रेकॉर्डिंगची वाट मीच बघायची ना, गवंडी कामावरून घरी येईपर्यंत. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत आलं आणि म्हणालं, तुमच्या घरचा व्हिडिओ फिरतोय. मग काढून टाकला तरी काय. तोपर्यंत तो तिंट्यावर गेला होता.

संध्याकाळी मी सेजलला गोठ्याच्या मागे गाठलं. तिने काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, सध्या गप्प राहा, मी बघते, सगळं निस्तरते, तू फक्त माझं नाव घेऊ नकोस, माझी नोकरी आहे. नोकरी जाईल असं मी मुलीला सांगितलं, वहिनी. आठवीतल्या मुलीला. नोकरी काही जाणार नव्हती. फार तर बोलणी बसली असती.

मग तू ओसरीवर आलीस. मी तिथेच कट्ट्यावर बसले होते. तू तिला विचारलंस आणि तिने आधी माझ्याकडे पाहिलं. तुझी पाठ माझ्याकडे होती, तुला दिसलं नाही. ती बघत राहिली, बराच वेळ, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी खाली पाहिलं. तेव्हा ती "हय" म्हणाली.

देवळात तिला उभी केली तेव्हाही मी मूग गिळून बसले. शाळेत पालक बोलले तेव्हाही. आणि पहिलं पत्र लिहिताना तर तिलाच क्षमा कर म्हणून तुला विनवत होते. ते आठवलं की आताही कान तापतात. स्वतःला मी एक गोष्ट सांगून बघितली, की बाबांच्या कानावर ते जावं असंच मला आतून वाटत होतं, कुणी तरी त्यांना ऐकवायलाच हवं होतं. ऐकायला बरी वाटते. पण खोटी आहे. मेजाजवळ उभी असताना माझ्या मनात तुझी आई नव्हती, बाबा नव्हते, तू नव्हतीस. पणजीच्या टाळ्या होत्या.

तुझी चिठ्ठी आली त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते खुर्चीवर बसून गुडघ्याला तेल लावत होते. ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील, मला ते सोपं गेलं असतं. म्हणाले, "चेडवाक तुवें मदीं घातलें?" मुलीला मध्ये घातलंस? मी हो म्हटलं. मग बराच वेळ बाटलीचं बूच लावत बसले आणि म्हणाले, "शुभांगीन फट खंय सांगली? म्हजेच उतर तें." खोटं काही बोलली नाही ती, माझाच शब्द होता तो. एवढं म्हणाले आणि डोळे पुसत उठून आत गेले. बाबांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

काल पद्मावती काकींकडे गेले. त्यांनी पुन्हा सगळ्या बायकांना बोलावलं, मी मांडाच्या कडेला उभी राहून सांगितलं, आता तुला लिहिलं तसंच, दूध उतू गेल्यासकट. काकी म्हणाल्या, "चली येवं दी. तूं येऊं नाका." ती येऊ दे, तू येऊ नकोस. रुक्मिणी वहिनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मान हलवली आणि घरी आले. शाळेतही हेडमास्तरांना लिहून दिलं, पालकांच्या सभेत मी स्वतः सांगणार आहे की चूक मोबाइलची नाही आणि मुलांचीही नाही. तारासाठी तरी तो ग्रूप पुन्हा सुरू व्हायला हवा, मग तो दुसऱ्या कुणी बाईंनी चालवला तरी चालेल. पणजीला त्या काणकोणच्या बाईंचं नाव शोधून पत्र टाकलंय की मी तुम्हाला खोटं उत्तर दिलं. त्याने कुणाचं काय भलं होणार माहीत नाही.

सेजललाही मी सांगितलं की आता मोकळी आहेस, आईला सगळं सांग. तर म्हणाली, "आई म्हाका उलोवंक दिवची ना." आई मला बोलूच देणार नाही. ते म्हणताना ती रडली नाही. नारळ खवत होती, तशीच खवत राहिली. मी तिच्या पायाशी बसले, वहिनी, आणि तिची माफी मागितली. तिने मला विचारलं, "आते, तुवें त्या दिसा सकयल कित्याक पळयलें?" त्या दिवशी तू खाली का पाहिलंस.

बाबा म्हणाले, "हांव वचूं शकना. तिका घरा यो म्हणपाक म्हाका तोंड ना. चेडवाक धाड." मी जाऊ शकत नाही, तिला ये म्हणायला मला तोंड नाही, पोरीला पाठव. म्हणून हे पत्र दादूकडे दिलेलं नाही. सेजल स्वतः घेऊन आलीय. सकाळच्या बसने म्हापसा, तिथून डिचोली, तिथून मये, सगळा प्रवास तिला समजावून दिला, पण मला बरोबर यायला नको म्हणाली. ती तुझ्या भावाच्या दाराबाहेर उभी असेल. आत ये म्हटल्याशिवाय ती येणार नाही, तुला ठाऊक आहे तिचं. तू हे वाचत असशील तेव्हाही ती तुझ्या तोंडाकडे बघत उभी असेल, आणि तुला वाटेल की ती माफी मागायला आलीय. वहिनी, माफी मागण्यासारखं तिने काहीच केलेलं नाही. पत्र इथेच ठेव आणि आधी तिला घरात घे.

तुझी नणंद म्हणवून घ्यायला लाजणारी,
गौरवी